एटीव्हीचा क्लच गेलाय की बेल्ट? खोलायच्या आधी हे बघा

रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, असं झालं की लगेच "क्लच गेला" म्हणून नवा मागवू नका, बऱ्याचदा दोष बेल्टचा असतो. मी बोलतोय ते बेल्टवाल्या ऑटोमॅटिक एटीव्हीबद्दल, म्हणजे रेती-चिखलात चालवायच्या जाड टायरच्या चारचाकी गाडीबद्दल. आत स्कूटरसारखंच काम असतं, पुढची पुली (यालाच पुढचा क्लच म्हणतात), मागची पुली आणि मध्ये बेल्ट.

सगळ्यात आधी आठवा, पाण्यातून गेला होतात का? बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं की बेल्ट घसरतोच. खाली ड्रेन प्लग असेल तर खोलून पाणी काढा, न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, वाळला की गाडी परत ओढायला लागते.

आता सपाट जागी आयडलवर बघा. गाडी आपोआप पुढे सरकतेय, गिअर खाडकन पडतोय? मग आधी आयडलचा आरपीएम आणि ॲक्सिलरेटरची केबल तपासा, ते बरोबर असेल तरच पुढच्या क्लचवर संशय घ्या, तो नीट सुटत नसेल.

जळक्या रबराचा वास आला तर चावी काढा, गार होऊ द्या आणि मगच कव्हर खोला. कव्हर काढून इंजिन चालू करायचं नाही म्हणजे नाही, बोटं जातील! बेल्ट हातात घेऊन पूर्ण फिरवून बघा. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात म्हणजे घसरून तापलाय. एकाच जागी अरुंद झालाय म्हणजे गाडी रेतीत-चिखलात रुतलेली असताना कोणीतरी रेस पिळत बसलं होतं, अशा वेळी लो गिअर टाकायचा असतो. रुंदी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

बेल्ट चांगला असेल तरच पुलीकडे वळा. तोंडावरून नख फिरवा, अडकलं तर चर पडलीय. गाडी सुटताना हिसके बसत असतील तर पुलीतले रोलर एका बाजूने चपटे झालेत का, स्प्रिंग ढिली पडलीय का, पुली हलवली की खडखडते का, हे तिन्ही बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत बारीक रेती इथेच साचते, ती ब्रेक क्लीनरने धुवा. पुलीच्या तोंडाला ग्रीसचा थेंबही नको.

बऱ्याच गाड्यांत पुढचा क्लच काढायला त्याच गाडीचा पुलर (क्लच ओढून काढायचं हत्यार) लागतो, तो नसेल तर हातोडी न मारता मेकॅनिककडे न्या. नवा बेल्ट बसवताना त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा आणि पहिले काही किलोमीटर जोरात पळवू नका.