ऑनलाइन साधनांवर संशोधन करताना या चुका टाळा

‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य सामाजिक शास्त्रांच्या आणि मराठीच्या प्रबंधांत हमखास आढळते. पुष्कळदा त्याचा खरा अर्थ एवढाच असतो की, एका संकेतस्थळावर एक शब्द टाकून पाहिला आणि काही मिळाले नाही. साधनांची आज वाण नाही आणि त्यांतील बरीचशी विनामूल्य आहेत. अडचण बहुधा विचारण्याच्या पद्धतीत असते.

सर्वांत अधिक नुकसान होते ते जुन्या कागदपत्रांत आजची नावे शोधल्यामुळे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ब्रिटिश काळातील फायलींच्या नोंदी प्रामुख्याने इंग्रजीत आणि त्या काळच्या स्पेलिंगनुसार आहेत. तेथे पुणे ‘पूना’ आहे, सोलापूर ‘शोलापूर’, वसई ‘बसीन’, यवतमाळ ‘येवतमाळ’, तर आजचा रायगड जिल्हा ‘कुलाबा’ आहे. गोव्यासंबंधीच्या पोर्तुगीज कागदांत पणजीसाठी ‘नोव्हा गोवा’ हेही नाव येते. जातींच्या नावांचेही तसेच आहे. कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, उदाहरणार्थ पुण्यावरील 1885 च्या खंडात, महार समाजाची नोंद ‘म्हार’ या रूपाने आहे, त्यामुळे प्रचलित स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते प्रकरण दिसतच नाही. (गॅझेटिअरमधील जातिवर्णने ही वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत, ती समाजाची वस्तुनिष्ठ नोंद म्हणून उद्धृत करणे ही आणखी वेगळी चूक.)

नावाइतकेच महत्त्वाचे आहे ते प्रशासन. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ त्या काळच्या मध्य प्रदेशात, म्हणजे इंग्रजी अमदानीतील मध्य प्रांत व वऱ्हाडात; म्हणून 1931 च्या जनगणनेतील नांदेडचे आकडे मुंबई इलाख्याच्या खंडात कितीही शोधले तरी मिळणार नाहीत. कोल्हापूरसारख्या संस्थानांचा पत्रव्यवहार बहुतांशी परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फायलींत सापडतो. यावर उपाय साधा आहे: शोध सुरू करण्यापूर्वीच प्रत्येक स्थळ, व्यक्ती आणि समाज यांच्या नावांची सर्व संभाव्य रूपे आणि त्या त्या काळातील प्रशासकीय विभाग यांचा एक तक्ता करावा, आणि कोणत्या तारखेला कोठे कोणता शब्द शोधला हे त्यातच नोंदवत जावे. मौखिक परीक्षेत हा तक्ता फार उपयोगी पडतो.

इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात स्कॅन झालेली मराठी पुस्तके मोठ्या संख्येने आहेत, परंतु त्यांतील अनेकांची शीर्षके नोंद करणाऱ्याच्या मर्जीनुसार रोमन लिपीत लिहिलेली आहेत. ‘ज्ञ’ हे एक अक्षर तीन-चार प्रकारे लिहिले जाऊ शकते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ नेमकी कोणत्या स्पेलिंगखाली आहे याचा अंदाज बांधत बसावे लागते. अशा वेळी शीर्षकाऐवजी लेखकाचे आडनाव किंवा शीर्षकातील सोपा शब्द घेऊन शोधावे. नोंदीतील प्रकाशनवर्षावर विश्वास न ठेवता मुखपृष्ठामागील पान उघडून आवृत्ती पाहावी, कारण नोंदीत पुनर्मुद्रणाचे वर्षही असू शकते. स्कॅनमधील मजकुराच्या शोधावर तर फारच बेताने विसंबावे. जुन्या छपाईतील जोडाक्षरे आणि रफार संगणकाला नीट वाचता येत नाहीत, आणि मोडीतील हस्तलिखिते त्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. तेव्हा एखादा शब्द अमुक वृत्तपत्रात येत नाही, हे विधान अंक प्रत्यक्ष चाळल्याशिवाय करू नये.

आकडेवारीच्या बाबतीत चूक अधिक फसवी असते, कारण तेथे उत्तर मिळते आणि ते चुकीचे असते. रत्नागिरी जिल्ह्यातून 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार, आणि 2014 मध्ये ठाण्यातून पालघर. हे लक्षात न घेता 1971 आणि 2011 चे रत्नागिरीचे आकडे शेजारी ठेवले, तर घटलेल्या लोकसंख्येचे खापर मुंबईच्या स्थलांतरावर फोडण्याचा मोह कोणालाही होईल. जनगणना कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात जिल्हा हस्तपुस्तिका उपलब्ध आहेत. त्यांतून तालुक्यांचे आकडे घेऊन जुना जिल्हा पुन्हा जुळवता येतो, मात्र तालुक्यांच्या हद्दीही बदललेल्या असतात हे ध्यानात ठेवावे.

दोन तक्ते संगणकावर जोडताना आणखी एक खड्डा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील रायगडचे इंग्रजी स्पेलिंग आणि छत्तीसगडमधील रायगढचे स्पेलिंग एकच आहे, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. त्यात महाराष्ट्रातील औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे 2023 मध्ये बदलली. म्हणून जोडणी नावाने न करता जनगणनेच्या संकेतांकाने करावी.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे मूळ आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून घेता येतात. त्यांत प्रत्येक कुटुंबाला दिलेला गुणक (नमुन्यातील ते कुटुंब एकूण किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते तो आकडा) वापरलाच पाहिजे, अन्यथा येणारी सरासरी केवळ नमुन्याची असते, राज्याची नव्हे. शिवाय प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की तुलना डळमळते. 1999-2000 च्या फेरीत खाद्यखर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही प्रकारे विचारला गेला, आणि 1993-94 शी तिची तुलना कशी करावी यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. 2022-23 च्या सर्वेक्षणात एकाच कुटुंबाकडे तीनदा जाऊन माहिती घेतली गेली. असे आकडे एकाच आलेखात जोडणाऱ्याने निदान तळटीप तरी द्यावी.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सगळे प्रबंध आहेत असे समजू नये. प्रबंधाची डिजिटल प्रत सादर करण्याचा आग्रह विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीपासून सुरू झाला, त्यामुळे त्याआधीचे कित्येक प्रबंध आजही विद्यापीठांच्या ग्रंथालयांतच आहेत. मराठी विश्वकोशातील नोंदी पार्श्वभूमीसाठी उत्तम आहेत, परंतु पहिला खंड 1976 चा आहे, तेव्हा त्यातील आकडे त्या काळचे समजावेत. जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य खाते उघडून महिन्याला शंभरपर्यंत लेख वाचता येतात; मात्र अनेक नियतकालिकांचे ताजे अंक तेथे काही वर्षे उशिरा येतात, म्हणून अलीकडचे वाचन तेवढ्यावर संपवू नये.

नियतकालिकांविषयी एक सूचना. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद केली, तरी ‘केअर-मान्य’ म्हणून पैसे मागणारे संदेश विद्यार्थ्यांना येत राहतात. नामांकित नियतकालिकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक (आयएसएसएन) उचलून बनवलेली बनावट संकेतस्थळेही आहेत. लेख पाठवण्यापूर्वी संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यापीठीय पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते पाहावे.

शेवटी, संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भसूची करून घेऊ नये. ती अस्तित्वात नसलेल्या लेखाला खरा लेखक, खरे नियतकालिक आणि पटण्याजोगे वर्ष बेमालूम जोडून देते. प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) उघडून लेख समोर येतो का हे तपासावे. मराठी नियतकालिकांच्या बहुतेक लेखांना असा क्रमांक नसतो, तेथे अंकाची अनुक्रमणिका स्वतः पाहण्यावाचून मार्ग नाही.