बार्क्लोडियाड इ गाउरेस: समुद्राकाठचं नवाश्मयुगीन थडगं कसं पाहावं

वेल्समधल्या अँगलसी बेटावर, ए४०८० रस्त्यालगत ‘केबल बे’ या उपसागरापाशी गाडी लावा. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताच्या टेकाडावर हे थडगं आहे. दाराला कुलूप असतं, म्हणून उघडण्याचे दिवस आधी ‘कॅडू’ या वेल्सच्या पुरातन वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघाच.

वरचा गवताळ घुमट १९५२-५३च्या उत्खननानंतर बांधलेला, काँक्रीटचा. खऱ्या शिळा आत. टॉर्चचा उजेड समोरून टाकलात तर कोरीवकाम दिसतच नाही. दगडाच्या कडेने तिरपा धरा, मग सर्पिल, नागमोडी रेषा, शंकरपाळ्यासारखे चौकोन सावलीतून उठून येतात. बोट लावू नका, रेषा फार उथळ आहेत. मधल्या दालनात मात्र रेंगाळा: तिथल्या चुलीत मासे, बेडूक, साप, उंदीर अशा प्राण्यांच्या शिजवलेल्या रश्शाचे अवशेष सापडले.