समुद्राकाठच्या घरात रत्ने निवडताना आणि जपताना

दागिन्यात खडा बसवायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ग्रहाचा निघतो आणि दुसरा किमतीचा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने मात्र त्या दोन्हींच्या आधी, तो खडा ज्या हातात राहणार आहे तो हात दिवसभर काय करतो, हे पाहावे. या किनाऱ्यावरच्या दागिन्यांत सर्वांत आपलीशी वाटणारी दोन रत्ने, म्हणजे मोती आणि पोवळे, ही दगड नसून समुद्रातल्या जिवांनी घडवलेले कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि आंबट रसापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

माझ्या आतेच्या करंगळीत चांदीत बसवलेला मोती असे. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळे) फोडून आगळ, म्हणजे त्यांचा आंबट रस, काढायचे काम ती अंगठी न उतरवताच करी. काही हंगामांनंतर मोत्याची वरची गोलाई पूर्वीसारखीच झळकत होती. पण कोंदणाच्या काठाशी, जिथे रस साचून राही, तिथे खडूसारखे पांढुरके कडे पडले होते. गेलेले पाणी घासूनपुसून परत येत नाही, आणि अशा मोत्याला पॉलिश करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

अर्थांपुरते बोलायचे तर नवरत्नांची वाटणी ठरलेली आहे: माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा. नवरत्नांच्या अंगठीत माणिक मधोमध बसवतात, कारण ग्रहमंडळात सूर्याला राजाचे स्थान दिलेले आहे. चंद्र मनाचा कारक मानला जात असल्याने तापट किंवा चंचल स्वभावाच्या माणसाला चांदीतला मोती करंगळीत घालायला सांगतात. पोवळे धैर्याचे आणि रक्ताचे मानले जाते व ते अनामिकेत घालतात. काही घराण्यांत मंगळसूत्रातही काळ्या मण्यांबरोबर पोवळी ओवली जातात. नीलमाचा धाक इतका, की तो अंगावर चढवण्यापूर्वी काही रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहण्याची रीत आहे. ती पाळावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्या निमित्ताने खरेदीची घाई टळते, एवढा लाभ मला निश्चित दिसतो.

मोती घेताना तो दाताच्या कडेवर अलगद घासून पाहावा. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, तर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत लागतो. त्यानंतर दहापट भिंगातून वेजाकडे, म्हणजे ओवण्याच्या भोकाकडे, पाहावे. नकली मोत्याचा मुलामा तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. मात्र या दोन्ही परीक्षांतून खरा आणि खोटा एवढेच कळते, नैसर्गिक आणि संवर्धित, म्हणजे माणसाने मुद्दाम वाढवलेला, हा भेद कळत नाही, कारण संवर्धित मोतीही शिंपल्यातच वाढतो. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 साली असा मोती मिळवल्यानंतर बाजार हळूहळू त्याच मोत्यांनी भरला. म्हणून आजीच्या तन्मणीतले मोती जुने बसऱ्याचे, म्हणजे नैसर्गिक, आहेत असे घरात सांगत आले असतील, तर मोडीत घालण्याआधी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. किमतीतला फरक फार मोठा असतो.

पोवळ्यात रंगवलेल्या मालाचा सुळसुळाट आहे. एकदा मीही फसलो: गडद लाल म्हणून घेतलेली अंगठी पहिल्याच पावसाळ्यात गुलाबी पडू लागली. विक्रेत्याची हरकत नसेल तर खड्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनचा कापूस हलकेच टेकवावा. कापूस लाल झाला तर तो खडा रंगवलेला आहे असे समजावे. दागिन्यांचे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. मालवणच्या पाण्यात दिसणारे प्रवाळ वेगळ्या जातीचे आहे. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि असे खडकाळ प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने, ‘आमच्याच समुद्रातले’ म्हणून कोणी तुकडा दिला तरी तो घेऊ नये. (रत्नागिरीच्या नावात रत्न आहे, पण तिच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मिळते ते इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज.)

कठीण खड्यांना हवेची भीती नसते, तिथे जपायचे ते विक्रीआधी खड्यावर केलेल्या प्रक्रियेपासून. माणिक आणि नीलम दोन्ही कुरुंद या एकाच खनिजाचे रंग असून कठीणपणात ते हिऱ्याखालोखाल आहेत. परंतु स्वस्त माणकांच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते आणि लिंबाच्या रसानेही ती खराब होते, म्हणून बिलावर ‘काच भरलेले नाही’ असे लिहून घ्यावे. पाचूतली जाळी, म्हणजे आतल्या बारीक भेगा, हा दोष नव्हे. पण ती झाकण्यासाठी तेल मुरवलेले असते, त्यामुळे पाचू गरम पाण्यात किंवा दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात कधीही घालू नये. पुष्कराज म्हणून पिवळे स्फटिकही विकले जाते, म्हणून प्रमाणपत्रावर कुरुंद लिहिले आहे का ते वाचावे. वजन रत्तीत सांगितले तर ते कॅरटमध्ये मागावे, कारण कॅरट म्हणजे सगळीकडे 200 मिलिग्रॅमच, तर रत्ती दुकानागणिक बदलते.

गौरीला चढवलेले मोत्यांचे दागिने उतरवल्यावर हळद, अत्तर आणि फुलांचा ओलावा मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावा, आणि मगच ते सुती कापडात गुंडाळून लाकडी डबीत ठेवावेत. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. चिंचपेटीचा किंवा सराचा दोरा पावसाळ्यात सर्वांत आधी कुजतो. दोन गाठींच्या मधला मोती बोटाने सरकू लागला की सर पुन्हा गाठवून घ्यायची वेळ झाली, आणि ते काम आषाढातच उरकावे, कारण गणपतीच्या तोंडावर गाठवणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते.