बाबांचा जुना सूट टाकू नका, आधी खांदा बघा

डिसेंबरातली लग्नं जवळ आली की नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात रेडिमेड सूटसाठी गर्दी होते, पण घरी बाबांचा शिवलेला सूट असेल ना तर आधी तो घालून बघा. आता ऑफिसात सूट घालतंय कोण, वर्षाला दोन-तीन लग्नं नि एखादा इंटरव्ह्यू, तेवढ्यासाठी अल्टरेशनच परवडतं, आणि कापड खऱ्या वूलचं निघालं तर सोनंच समजा. मुख्य म्हणजे खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे, खाली लोंबत असेल तर नाद सोडा, कारण ते नीट करायला बाही उसवावी लागते आणि खर्च वाढतो. कंबर, बाहीची लांबी, पँटची मोहरी (पायाकडचा घेर), हे अल्टर होतं. कंबर सैल करायची असेल तर पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत आतून माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलीये ते बोटाने चाचपा, जुने टेलर मास्तर लोक चांगली इंचभर तरी सोडायचे. कापड उजेडासमोर धरा, कसर लागली असेल तर भोकं लगेच दिसतात. आणि मास्तरांना सांगून पाठीचं अस्तर अर्धंच ठेवा, आपल्या नागपुरात दुपारच्या लग्नात डिसेंबरातही घाम येतो.