घाट उतरून आल्यावर गुडघा धरतो? या चुका टाळा

हिल मॅरेथॉनची तारीख जवळ आली की साताऱ्यातल्या धावपटूंची पहाट यवतेश्वर घाटात उजाडते. दम चढाला लागतो, म्हणून सगळी तयारी चढाची होते. गुडघा मात्र बिघडतो तो उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच प्रत्येक पावलाला शरीराला ब्रेक लावतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. चढून थकलेली मांडी हा भार पेलत नाही, मग तो सांध्यावर येतो.

त्यात चढावर गेलेला वेळ भरून काढायला लांब ढांगा टाकत, टाच पुढे आपटत घाट उतरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पावलं आखूड आणि भरभर टाका. पाऊल शरीराच्या खालीच पडू दे, गुडघा किंचित वाकलेला राहू दे. मिनिटाला दोन्ही पायांची मिळून 160 पावलं पडत असतील तर 168 पर्यंत न्या, एवढी वाढही पुरते. गुडघा कुरकुरत असेल तर काही आठवडे घाट फक्त चढा आणि खाली गाडीने या. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक म्हणजे नेमकं कुठे दुखतंय हे न पाहताच उपाय सुरू करणं. वाटीभोवती किंवा वाटीमागे दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाढतं, तर दुखणं बहुधा वाटीचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावरच टोचायला लागतं, तर आयटी बँडचा, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचा संशय घ्या. अशा वेळी दुखऱ्या जागेवरच रोलर किंवा तेल घेऊन रगडलं तर त्रास वाढतो. वाटीच्या लगेच खाली बोट दाबल्यावर कळ येते, तर तिथला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखावलेला असू शकतो. भरतीसाठी 1600 मीटरसोबत स्प्रिंट आणि उड्यांचा मारा करणाऱ्या पोरांनी हे जरूर तपासावं.

दुखलं की महिनाभर सगळं बंद आणि कमी वाटलं की थेट जुनं अंतर, हे चक्र फार जण फिरतात. आरामाने दुखणं शमतं, पण मांडी आणखी कमजोर होते. 0 ते 10 च्या मापात दुखणं 3 च्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर सपाटीवर कमी अंतर धावायला हरकत नाही. धावताना ते वाढत गेलं किंवा लंगडायला लागलं, तर तिथेच थांबा.

खरा इलाज ताकदीचा. 15 ते 20 सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत सावकाश जमिनीला टेकवा आणि परत वर या. आरसा समोर ठेवा: गुडघा अंगठ्याकडे आत वळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. 10 वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला, टाच किंचित मागे, 15 वेळा. हा व्यायाम कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी आहे, तो ढिला असला की गुडघा आत कोसळतो. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरवड्यात सोडून देऊ नका.

वेदनाशामक गोळी खाऊन धावायला जाऊ नका. दुखण्याचा इशारा झाकला जातो आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. नी-कॅपने आधार वाटतो, ताकद येत नाही. बर्फ शेकायचा तर कापडात गुंडाळून 15 मिनिटं. बूट साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बदला. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावलात तर एका पायावर जास्त ताण येतो.

धावल्यावर काही तासांत गुडघा सुजला, मध्येच अडकला, पाय टाकताना दगा देऊ लागला किंवा पायावर भारच घेता येत नसेल, तर व्यायाम बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. सांधा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.