टॉवर नसलेल्या रनवेवर दोन विमानं समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करायचं

गोंदूर, शिरपूरकडे ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालताना बघून आपल्या खान्देशातली बरीच पोरं फ्लाइंगकडे वळतायत, भारी वाटतं, म्हणून खास त्यांच्यासाठी लिहितोय. कंट्रोल टॉवर नसला की "थांब" म्हणणारं कोणीच नसतं भो, पायलटनीच एकमेकांना सांभाळायचं.

टेकऑफच्या आधी होल्डिंग पॉइंटला, म्हणजे रनवेत शिरण्याआधी थांबायच्या जागी, विमान नुसतं काटकोनात उभं करू नका, फायनलकडे (उतरणारं विमान शेवटी सरळ रनवेकडे येतं तो टप्पा) तोंड होईल असं तिरकं लावा. माझे सर तर जागा असली की तिथेच पूर्ण गोल फिरवायला लावायचे, कारण सेसनाचा पंख डोक्यावर असतो आणि वरून येणारं विमान बरोब्बर त्याच्या आड लपतं. रनवेचं दुसरं टोकही बघा. मे महिन्यात 44-45 डिग्रीला डांबरावर मृगजळ हलत असतं, लांबचं पांढरं विमान त्यात पटकन दिसत नाही. आणि सेसना 172 फायनलला साधारण 65 नॉटने (ताशी 65 नॉटिकल मैल) येतं, म्हणजे एक नॉटिकल मैल 55 सेकंदात संपतो, तुम्ही लाइनअप होऊन, म्हणजे रनवेवर जाऊन, चेकलिस्ट वाचत बसलात की ते डोक्यावर.

रेडिओवर आधी जागेचं नाव, मग तुम्ही कोण, कुठे, किती उंचीवर, कोणता रनवे, आणि शेवटी परत जागेचं नाव. साधारण 10 मैलांपासून बोलायला सुरुवात करा, मग डाउनविंड (रनवेला समांतर, उलट दिशेने), बेस (रनवेकडे वळतानाचा आडवा टप्पा), फायनल. रनवेचा नंबर दरवेळी सांगाच, कारण वारा पडलेला असला, विंडसॉक लोंबकळत असला की एक जण 09 धरतो अन् दुसरा 27, म्हणजे एकाच पट्टीची दोन उलटी टोकं, दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

पण नुसत्या रेडिओवर विसंबू नका. 19 नोव्हेंबर 1996 ला अमेरिकेत क्विन्सीला टॉवर नव्हता, बीच 1900 हे प्रवासी विमान रनवे 13 वर उतरत होतं आणि त्याला छेदणाऱ्या रनवे 04 वर किंग एअर नावाचं विमान उभं होतं. बीचवाल्यांनी विचारलं, टेकऑफ करताय की थांबताय, उत्तर आलं किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी या छोट्या विमानाकडून, त्यात बीचच्याच कॉकपिटमधल्या वॉर्निंगचा आवाज मिसळला आणि त्यांना वाटलं किंग एअरच बोललं, थांबणार आहे. पण किंग एअर टेकऑफला निघालं आणि दोघं धडकली. 14 माणसं गेली. उत्तर आलं तरी कोणत्या विमानाने दिलं ते कळलं नसेल तर पुन्हा विचारा, आणि शंका असली की सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. लेफ्ट सर्किट (रनवेभोवती डावीकडे वळत घ्यायचा फेरा) असेल तर गो-अराउंडला थोडं उजवीकडे सरका, खालचं विमान तुमच्या विमानाखाली लपणार नाही.

छोट्या धावपट्ट्यांवर अजून एक गोष्ट, समांतर टॅक्सीवे बहुतेक नसतो, उतरल्यावर त्याच रनवेवरून बॅकट्रॅक करत परत यावं लागतं, आणि मागचा तोवर बेसला वळलेला असतो. म्हणून थांबल्याबरोबर "बॅकट्रॅकिंग" सांगा, लँडिंग लाइट चालू ठेवा, आणि शेपूट होल्डिंग लाइनच्या पार गेल्याशिवाय "रनवे व्हेकेटेड" तोंडातून काढू नका.