डिस्क बदलली, आता गेम पुन्हा टाकायचाय: आधीची तयारी

नवी डिस्क बसली की हात थेट इन्स्टॉलच्या बटणाकडे जातो आणि तिथेच घोळ सुरू होतो. विंडोज आणि लाँचर (गेम उतरवणारा आणि चालू करणारा स्टीमसारखा प्रोग्रॅम) या दोघांच्याही लेखी गेम अजून जुन्या डिस्कवरच असतो. त्यामुळे आधी थोडी आवराआवर करावी लागते.

पहिलं काम सेव्ह फाइलींचं. गेम कितीदाही उतरवता येतो, पण पोरांनी अख्खी सुट्टी घालून उभं केलेलं शहर पुन्हा उतरवता येत नाही. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही. जुनी डिस्क अजून दिसत असेल पण टकटक वाजत असेल, तर तिच्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, चालवू नका. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तेवढं वाचन झेपत नाही. हवे तेवढे फोल्डर कॉपी करा आणि ती काढून ठेवा. पुष्कळदा सुटका याहून सोपी असते. गेम डी ड्राइव्हवर असला तरी सेव्ह बहुधा सी वर असतात: डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये, सेव्ह्ड गेम्समध्ये, नाहीतर अ‍ॅपडेटाच्या पोटात. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत हिडन आयटम्स सुरू केलं की दिसतो. सापडेल ते सगळं पेनड्राइव्हवर घ्या.

डिस्क अजून घ्यायची असेल तर इंदूरच्या आरएनटी मार्गावर कम्प्युटरच्या दुकानांच्या सिल्व्हर मॉलला निघण्याआधी मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून घ्या. एम.2 स्लॉट (पट्टीसारखी डिस्क बसवायची खाच) असला तरी तो वेगवान एनव्हीएमई डिस्क घेतो की फक्त जुन्या साटा प्रकारची, हे त्यावरूनच कळतं. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, त्यात फसवणूक काही नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) करून एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) फॉरमॅट करा. एफएटी32 या जुन्या पद्धतीत 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही आणि मग इन्स्टॉल मध्येच अडकतं. ड्राइव्हला अक्षर मात्र जुनंच द्या. डी होतं तर डीच. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात, कारण जुने शॉर्टकट आणि नोंदी त्याच पत्त्यावर बोट दाखवत असतात.

स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जा, गेलेल्या डिस्कची लायब्ररी काढा आणि नवी जोडा. जुन्या डिस्कवरून गेमचा फोल्डर वाचला असेल तर तो नव्या लायब्ररीतल्या स्टीमअ‍ॅप्स, कॉमन या जागी ठेवून मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे ते तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं. हे खरंच करून बघा, कारण 40 एमबीपीएसच्या लाइनवर 100 जीबी उतरायला साडेपाच तास जातात. पावसाळ्यात वीज गेली तर त्याहून जास्त, म्हणून राउटरही यूपीएसवर घ्या.

सीडी-डीव्हीडीचे जुने गेम वेगळे. त्यांचा सेटअप कधी फक्त रिपेअर आणि रिमूव्ह एवढंच दाखवतो, कारण विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, जुनी नोंद शिल्लक असते. ती पुसायला मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे. सेफडिस्क हे कॉपी रोखणारं संरक्षण असलेली डीव्हीडी मात्र विंडोज 10 पासून चालतच नाही, तिच्यामागे रविवार घालवू नका. विंडोजही नव्याने टाकलं असेल तर व्हिज्युअल सी++ चे (गेमना लागणाऱ्या सामाईक फाइलींचे) 32 आणि 64 बिट दोन्ही संच आणि जुन्या गेमसाठी जून 2010 चं डायरेक्टएक्स टाकून घ्या. सुट्या डीएलएल फाइली कुठूनतरी उचलून आणू नका.

नव्या डिस्कवरही डिस्क राइट एरर आला तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बघा. लोकमान्यनगरात भाच्याच्या मशीनवर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तेव्हा खराब जागा मोजणाऱ्या 05 आणि सी5 या ओळी स्वच्छ शून्यावर होत्या, पण सी7, म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका), कॉपी सुरू करताच चढत होती. साटाची केबल कॅबिनेटच्या झाकणाखाली दबून मुडपली होती. केबल बदलली, आकडा जिथल्या तिथे थांबला आणि गेम एका दमात बसला.

राहिला क्लाउड, म्हणजे स्टीमने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेली सेव्हची प्रत. पहिल्यांदा गेम सुरू करण्याआधीच वाचवलेले सेव्ह जागेवर ठेवा. तसं न करता गेम उघडला तर तो कोरा सेव्ह तयार करतो, त्यावर आजची तारीख पडते, आणि मशीनवरचा सेव्ह ठेवायचा की क्लाउडमधला, असं स्टीमने विचारलं की आपण सवयीने ताजा तो निवडतो. त्या क्षणी क्लाउडमधला जुना खेळ पुसला जातो. म्हणून तो प्रश्न आला की घाई करू नका, दोन्ही तारखा वाचा आणि डिस्क बिघडण्याआधीची निवडा.